जुन्या गाडीवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? सातारा-सांगलीच्या खरेदीदारासाठी

जुन्या गाडीचा भाव ठरतो, टोकन दिलं जातं, चहा येतो. आणि चहाबरोबर आणखी एक फॉर्म पुढे सरकतो. ‘सतरा हजारात वर्षभर टेन्शन नाही, साहेब.’ चार-पाच लाख मोजायला तयार झालेल्या माणसाला सतरा हजार किरकोळ वाटतात आणि सही होऊन जाते. त्या टेबलावर सही करू नका. फॉर्म आणि अटींची पूर्ण पुस्तिका मागून घ्या, दोन दिवसांची मुदत मागा. खालची सगळी कामं तेवढ्यात होतात. ‘अटी पैसे भरल्यावर मेलवर येतील’ असं उत्तर मिळालं तर विषय तिथेच संपला. ती वॉरंटी घेऊ नका.

आधी तीन कागद वेगळे ओळखा

विक्रेता तीन गोष्टी एका दमात सांगतो. विमा हा अपघात, चोरी, आग, पूर यांच्यासाठी. सर्व्हिस पॅकेज म्हणजे ऑइल, फिल्टर आणि मजुरीचे आगाऊ भरलेले पैसे. एक्स्टेंडेड वॉरंटी या दोन्हींत बसत नाही. गाडी नीट वापरात असताना एखादा भाग आपसूक निकामी झाला तर त्याची दुरुस्ती, एवढंच तिचं काम. वापरानं झिजलेला भाग त्यात येत नाही, धडकेत मोडलेला येत नाही, पाण्यात गेलेला येत नाही, उंदरानं कुरतडलेली वायरिंगही येत नाही. घर उसाच्या रानाला लागून असेल तर हे शेवटचं कलम मुद्दाम विचारून घ्या.

सांगलीकरांनी पुराचा हिशोब आधी मांडावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. गाडी गावभागात, मारुती चौकात, कर्नाळ रोडला किंवा तिकडे भिलवडीला उभी राहणार असेल तर वॉरंटीच्या आधी विम्यातलं ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा पैसे भरून मिळणारं अ‍ॅड-ऑन बघा. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला स्टार्टर मारला की एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन बसतं. अशा नुकसानीला साधी फुल्ल पॉलिसी बहुतेक वेळा हात वर करते, वॉरंटी तर करतेच. हे अ‍ॅड-ऑन एका ठरावीक वयापर्यंतच्याच गाडीला मिळतं, म्हणून विमा नावावर करतानाच विचारा. गाडी नावावर झाल्यावर विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तोही बऱ्याच जणांकडून राहून जातो.

वॉरंटी देतंय कोण?

कागदावरचा लोगो मोठा असतो आणि पैसे देणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात. ते शोधा. साधारण चार प्रकार सापडतात.

सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे कंपनीची मूळ किंवा आधीच्या मालकानं घेतलेली वाढीव वॉरंटी शिल्लक असणं. मारुतीनं जुलै २०२४ पासून साधी वॉरंटीच ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. त्याआधीच्या गाड्यांना ती २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर होती. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत नोंदणीच्या तारखेवरून फरक पडतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबर द्या. वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत आहे हे त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं. ती नव्या मालकाच्या नावावर करायला बहुधा नव्या आरसीची प्रत आणि जुनं वॉरंटी सर्टिफिकेट लागतं. हे काम राहिलं तर पहिल्या क्लेमलाच ‘नाव जुळत नाही’ असं ऐकावं लागतं. शिल्लक वॉरंटी असताना त्याच काळासाठी दुसरी विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरा प्रकार गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्याच जुन्या गाड्यांच्या दुकानांचा. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूसारख्या ठिकाणी तपासणीत पास झालेल्या गाडीला मर्यादित वॉरंटी विक्रीबरोबरच मिळते. दुकानातली प्रत्येक गाडी ‘सर्टिफाइड’ नसते. बोर्ड एकच, गाड्या दोन प्रतीच्या. तुम्ही घेताय ती कोणत्या प्रतीची, हे पावतीवर लिहून घ्या.

तिसरा प्रकार तिसऱ्याच कंपनीनं विकलेल्या वॉरंटीचा, जी डीलर कमिशनवर पुढे करतो. इथे दुरुस्तीचे पैसे नेमके कोण देणार, मागे विमा कंपनी आहे का, असल्यास सर्टिफिकेट क्रमांक काय, आणि सातारा किंवा सांगली जिल्ह्यात त्यांचं मान्य वर्कशॉप कोणतं, एवढं विचारा. उत्तर ‘पुण्यात आहे’ असं आलं तर थांबून विचार करा. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, सांगली सव्वादोनशेच्या पुढे. जत-आटपाडीकडे बंद पडलेली गाडी पुण्याला टो करून न्यायचा खर्च कोण देणार, हे कागदावर नसेल तर तो तुम्हीच देणार.

चौथा प्रकार लेटरहेडवरच्या गॅरंटीचा: ‘इंजिन-गिअरबॉक्स ६ महिने आमची जबाबदारी.’ माणूस ओळखीचा असेल तर ती चालतेही. पण तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायचे नाहीत, भावातच धरायची.

गाडीवर क्लेम टिकेल का, ते आधी तपासा

वॉरंटीचे बरेच क्लेम अडकतात ते खरेदीच्या आधीच असलेल्या दोषांवर. ‘विक्रीपूर्वीचा दोष’ हे कलम जवळपास प्रत्येक कराराला असतं, आणि विकत घेणाऱ्याला तो दोष माहीत नव्हता याला तिथे किंमत नाही. म्हणून तपासणी गाडीसाठी जितकी, तितकीच वॉरंटीसाठी. डीलरचा मिस्त्री नको. आपला फिटर घ्या, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला पैसे भरून तपासणी करून घ्या आणि त्याचा छापील रिपोर्ट ठेवा. विकत घेतल्या दिवशी दोष नव्हता, हे पुढे त्याच कागदावरून दाखवता येतं.

पुरातली गाडी धुऊन, अत्तर मारून चकाचक करता येते, पण काही जागांपर्यंत हात पोहोचत नाही. पुढचा सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही. तिथे मातकट डाग किंवा पाण्याची आडवी रेघ दिसली की समजून घ्या. सीटच्या खालच्या रेलचे बोल्ट, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर, हेडलाइटच्या आत वाळलेला गाळ, हे सगळं टॉर्च मारून बघा. कार्पेट एका कोपऱ्यातून उचला आणि खालच्या फोमला बोटानं दाबा. कृष्णेचा गाळ काळसर आणि मऊ असतो; रस्त्याच्या धुळीसारखा तो झटकून जात नाही.

यापेक्षा सोपी युक्ती कागदात आहे. गाडीच्या मागच्या चार-पाच विमा पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस ओळीनं वाचा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. २०१९ च्या पॉलिसीत ३५ टक्के आणि २०२० च्या पॉलिसीत शून्य, मालकाचं नाव मात्र तेच, असं दिसलं तर बहुधा मध्ये क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा. मालक बदलला असेल तर बोनस तसाही शून्य होतो, कारण तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

मीटर मागे फिरवलेला असला तर वॉरंटी पहिल्या दिवसापासून रद्द धरली जाते, आणि फिरवला कुणी याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं. सर्व्हिस सेंटरची नोंद काढून दर सर्व्हिसचे किलोमीटर तारखेसह लिहून काढा. मध्येच दोन वर्षांची पोकळी आणि नंतर आकडा लहान, असं असेल तर गाडी सोडा. टायरवर शेवटचे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मीटर २८,००० दाखवतोय, गाडी २०१९ ची आहे आणि चारही टायर २०२३ चे आहेत, तर पहिला संच एवढ्यात कसा संपला? ब्रेक पेडलचा रबर गुळगुळीत, स्टेअरिंगची कातडी चकाकलेली आणि मीटर तीस हजारांच्या आत, हेही जुळत नाही.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावताना फक्त ‘कोड नाही’ यावर खूश होऊ नका. कोड पुसता येतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, अपूर्ण दाखवतात आणि काही दिवस चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. कोड शून्य आणि मॉनिटर अपूर्ण असं दिसलं तर आदल्या दिवशी कुणीतरी कोड पुसून बिघाडाचा दिवा विझवलाय, किंवा बॅटरी काढली होती. दोन्ही शक्यता विचारा.

चालवून बघताना गाडीला चढ-उतार द्या. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट हाताशी आहे. चौघे बसा, एसी लावा, वर जा. तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला पाहिजे. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून या, आणि खाली सपाटीला लागताच पाय दाबा. मागच्या माणसाला आरशातून नाही, मान वळवून बघायला सांगा. त्या क्षणी निळसर धुराचा भपका आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत: उतारावर इंजिन ओढ घेतं आणि वरचं ऑइल खाली शोषलं जातं. सांगली-मिरजेला असा चढ नाही. तिथे गाडी तापवून एसीसह वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा, फॅन लागतो-सुटतो का बघा, मग ऑइलचं झाकण उघडा. झाकणातून वाफेसारखा धूर दमादमानं बाहेर पडत असेल तर पिस्टनच्या रिंगा थकल्यात. कूलंटचं झाकण मात्र गरम गाडीवर कधीच उघडायचं नाही; ते सकाळी, थंड असताना बघून घ्यायचं. त्यात तेलकट तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

करार शेवटून वाचा

काय मिळतं याची यादी पहिल्या पानावर रंगीत असते. खरा करार ‘काय मिळत नाही’ या पानापासून सुरू होतो, म्हणून तिथूनच वाचा.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बेल्ट, होज पाइप, बुश, बल्ब, वायपर, फिल्टर, ऑइल, कूलंट हे जवळपास सगळीकडे बाहेर असतात. शॉकअप आणि लिंक रॉड काही ठिकाणी आत, काही ठिकाणी बाहेर. आत असतात ते इंजिनचे अंतर्गत भाग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, आणि करारानुसार टर्बो, इंजेक्टर, एसी कॉम्प्रेसर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इलेक्ट्रिक स्टेअरिंग. यातलं प्रत्येक नाव तुमच्या करारात छापलंय का ते पेन घेऊन टिक करा. ‘इंजिन कव्हर्ड’ या शब्दात टर्बो धरला जाईलच असं नाही.

बाहेरचा भाग बिघडून आतला भाग गेला तर काय, हा प्रश्न सगळ्यात महागात पडतो. समजा कूलंटचा रबरी पाइप फुटला. पाइप यादीत नाही. कूलंट सांडलं, इंजिन तापलं, सिलिंडर हेड वाकलं. हेड यादीत आहे, पण क्लेम नाकारला जातो: ‘गाडी तापलेली असताना चालवली.’ आणि इथे एक फसवी गोष्ट घडते. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच उरलं नाही तर त्याला गरम हवा लागते आणि काटा उलट खाली येऊ शकतो. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी थंड झाली. म्हणून काटा वर जाऊन अचानक पडला तर तो सुटकेचा निश्वास टाकायचा क्षण नव्हे. बाजूला घेऊन इंजिन बंद करा. टायमिंग बेल्टचंही असंच. बेल्ट बाहेर, व्हॉल्व्ह आत. बेल्ट वेळेवर बदलल्याचं बिल नसेल तर व्हॉल्व्हही बाहेर.

यापुढे बघायचं ते असं:

- वेटिंग पीरियड किती. पैसे आज भरले तरी १५ किंवा ३० दिवस काहीच मिळत नाही, असं कलम असू शकतं.
- एका क्लेमची आणि पूर्ण वर्षाची कमाल रक्कम.
- किलोमीटरनुसार पार्टच्या किमतीतला तुमचा वाटा.
- गाडी उघडून बघायची मजुरी. क्लेम नाकारला तर ती तुमच्या माथी का?
- सर्व्हिसच्या तारखेत किती दिवसांची किंवा किलोमीटरची सूट.
- गाडी विकली तर वॉरंटी पुढच्याला देता येते का, आणि मुदतीआधी रद्द केल्यास किती पैसे परत.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट, वाढवलेलं टर्बो ट्यूनिंग, वायरिंग कापून लावलेले हॉर्न आणि दिवे यांनी इंजिन किंवा इलेक्ट्रिकलचा क्लेम जातो. तासगावकडे द्राक्षाच्या हंगामात पिकअप किती भरतात ते सगळ्यांना माहीत आहे. ओव्हरलोडचं कलम नुसतं शोभेला नसतं. तसंच पांढऱ्या पाटीची गाडी सुट्टीत महाबळेश्वर-कासला भाड्यानं फिरवणार असाल तर ‘व्यावसायिक वापर’ हे कलम वाचा आणि मगच ठरवा. ऑनलाइन बुकिंगचा एक मेसेज क्लेम मारायला पुरतो.

आता आकडे मांडा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही भरा.

वॉरंटीची किंमत १४,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,६१०, म्हणजे १७,११० रुपये. मुदत १ वर्ष किंवा १२,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी साताऱ्याची, पण दर आठवड्याला पुण्याची एक फेरी: २२० किलोमीटर गुणिले ४८ आठवडे, १०,५६०. गावातला वापर ५,०००. वर्षाचे झाले १५,५६०. म्हणजे १२,००० किलोमीटर सव्वानऊ महिन्यांत संपतात. पहिले ३० दिवस वेटिंगचे वजा केले की हातात सव्वाआठ महिने उरतात. महिन्याला दोन हजारांच्या वर पडले.

आता मिळणार किती. गाडी एएमटी, म्हणजे क्लच पेडलशिवाय आपोआप गिअर बदलणारी आहे, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर अ‍ॅक्च्युएटरच्या (गिअर आणि क्लच हलवणाऱ्या भागाच्या) कामाचं कोटेशन काढलं, असं धरा: पार्ट ३६,०००, मजुरी ९,०००, ऑइल वगैरे १,८००. एकूण ४६,८००. करारानुसार त्या किलोमीटरला पार्टमध्ये तुमचा वाटा ३० टक्के, म्हणजे १०,८००. कंपनी देणार २५,२०० अधिक मजुरी ९,०००, एकूण ३४,२००. ऑइल तुमचंच. तुमच्या खिशातून १२,६०० जातातच.

१७,११० भरून ३४,२०० मिळवायचे असतील तर वर्षभरात हे काम निघण्याची शक्यता दोनात एक इतकी हवी, तर कुठे बरोबरी. आणि एखाद्या गाडीत हा पार्ट वर्षभरात जाण्याची शक्यता खरंच पन्नास टक्के दिसत असेल, तर प्रश्न वॉरंटीचा राहत नाही. ती गाडीच का घेताय, हा आहे.

तरीही वॉरंटी सरसकट वाईट ठरत नाही. वरची बरोबरी सरासरीची आहे. घरचा हिशोब सरासरीवर चालत नाही. ज्याला अचानक आलेला सव्वा लाखाचा खर्च झेपणारच नाही, त्याला सतरा हजार जास्त देऊन तो धक्का टाळणं परवडू शकतं. फक्त त्या वेळी एका क्लेमची कमाल मर्यादा सव्वा लाखाच्या जवळ हवी. मर्यादा ४०,००० असेल तर छोट्या खर्चाला छत्री आणि मोठ्या पावसात उघडं डोकं, असं होतं.

वॉरंटीचे पैसे कर्जात मिसळायला होकार देऊ नका. १४ टक्के व्याजानं ४ वर्षांच्या कर्जात १७,११० घातले तर ते साधारण २२,४०० होतात. वॉरंटी एका वर्षात संपते, हप्ता तिच्यानंतर तीन वर्षे चालू राहतो.

कोणत्या गाडीला घ्यावी, कोणत्या गाडीला नको

साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, पार्ट कुपवाड एमआयडीसीपासून कराडपर्यंत कुठेही मिळतात आणि कोणताही शहाणा फिटर काम करतो, अशा लहान गाडीला आमचं उत्तर सरळ ‘नको’. तिथे खर्च येतात ते क्लच, सस्पेंशन, बॅटरी, टायर यांचे, आणि ते सगळे यादीबाहेर.

ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो पेट्रोल, सनरूफ आणि स्क्रीनवाली महागडी गाडी: इथे एकेक पार्ट गाडीच्या किमतीला चिमटा काढतो, आणि बाहेरचा फिटर हात लावायला तयार नसतो. कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी मिळत असेल आणि गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट नावासकट यादीत असेल तर घ्या. साधारणपणे ती मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, म्हणून अडीच वर्षांची गाडी घेताना हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो.

बीएस-६ डिझेलला, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना, डीपीएफ, म्हणजे धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर, असतो. तो धुरातली काजळी अडवतो आणि गाडी हायवेला बराच वेळ गरम चालली की ती जाळून टाकतो. विश्रामबाग ते मिरज, पुन्हा मिरज ते विश्रामबाग, असाच वापर असेल तर काजळी जळायला वेळच मिळत नाही, दिवा लागतो, आणि चोंदलेला डीपीएफ हा ‘वापराचा दोष’ ठरतो. अशा वापराला वॉरंटी उपयोगाची नाही. मुळात डिझेलच घेऊ नका.

इलेक्ट्रिक गाडीत सगळं बॅटरीवर. कंपनीची बॅटरी वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती वर्षे आणि किती किलोमीटर लागू आहे ते लेखी घ्या; ‘लाइफटाइम’ म्हणून जाहिरात झालेल्या काही वॉरंट्या फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात.

घेतली तर जपायची कशी

ज्या दिवशी वॉरंटी सुरू झाली त्या दिवशी मीटरचा फोटो काढा. आरसी, तपासणी रिपोर्ट, करार आणि पावती एका फाइलमध्ये ठेवा. सर्व्हिस दिलेल्या तारखेच्या किंवा किलोमीटरच्या आतच करा, आणि बाहेर करायची परवानगी असेल तर बिलावर जीएसटी नंबर, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड आहे का बघा. ‘ऑइल बदलले, ३,२००’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी क्लेमला चालत नाही. माण-खटावच्या धुळीत गाडी फिरत असेल तर एअर फिल्टर ठरलेल्या अंतराच्या आधी बदला. धूळ आत गेली की सिलिंडरचा बोअर घासतो आणि त्याला देखभालीचा दोष म्हणतात.

बिघाड झाला तर आधी फोन, मग स्पॅनर. दिवे आणि मीटर दिसतील असा फोटो काढा, कंपनीच्या नंबरवर कळवा, तक्रार क्रमांक घ्या. ओळखीच्या मिस्त्रीनं ‘नुसतं उघडून बघतो’ म्हटलं तरी उघडू देऊ नका. मंजुरीआधी उघडलेलं इंजिन म्हणजे फेटाळलेला क्लेम. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘गाडी गरम झाल्यावर दुसरा गिअर पडत नाही’, ‘गिअर प्रॉब्लेम’ नव्हे. स्कॅनरवर आलेले कोड त्याच कार्डवर नोंदवायला सांगा. काढलेला जुना पार्ट निकाल लागेपर्यंत टाकू देऊ नका.

क्लेम नाकारला तर कारण कलम क्रमांकासह लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, साताऱ्यातही आणि सांगलीतही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी पुण्यात असो की गुरुग्रामला. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे.

नाही घेतली तर

ते १७,११० रुपये गाडी नावावर झाली त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका, आणि महिन्याला १,००० भर घाला. पहिल्या महिन्यात त्यातूनच इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, कारण आधीच्या मालकानं शेवटचं कधी बदललं याची खात्री नसते. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि बेल्टचं बिल सापडत नसेल, तर तोही टेन्शनर बेअरिंगसह त्याच वेळी.